कांद्यांच्या आधी माझ्या पोटात जे होतं

मित्रांनो, मी एक जुना सीपीयू आहे. पुण्यात माहिती तंत्रज्ञानाचं युग अवतरलं, तेव्हा बिबवेवाडीतल्या एका घरात ते माझ्या रूपाने अवतरलं. साक्षात भविष्यकाळ माझ्या पोटात होता. सध्या कांदे आहेत.

खरं सांगायचं तर मी सीपीयूसुद्धा नव्हे. सीपीयू म्हणजे आतला एक छोटासा चौकोन. मी त्याच्याभोवतीचा पत्र्याचा डबा. दुकानदार मला कॅबिनेट म्हणतात. पण त्या काळी टेबलाखालच्या डब्यालाच सीपीयू म्हणायची घरोघर पद्धत होती, आणि मीही कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. चूक दिसत असून गप्प बसणं हा माझा स्वभावच. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते तपकीर गल्लीतलं मुनव्वरभाईंचं दुकान. तिथे मी माळ्यावर थर्माकोलमध्ये पडून असे. माझ्या कपाळावर निळा दिवा होता, त्याचा मला फार अभिमान होता. तो दिवा काही काम करत नसे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात दुकानात रावसाहेब आणि त्यांची मुलगी नम्रता आली. रावसाहेब पिंपरीकडच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करणारे फिटर होते. नुकतीच त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली होती. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती रावसाहेबांची. आयुष्यात त्यांना एकच हौस राहिली होती, विमानाची. बसायची नव्हे, चालवायची. नम्रताच्या कॉलेजात त्यांनी संगणकावर विमान उडवायचा खेळ पाहिला होता, आणि तेव्हापासून ते जेवताना वाटीसुद्धा विमान उतरवल्यासारखी खाली ठेवत.

घरात त्यांच्या पत्नी मालनबाईंना "नमाच्या अभ्यासासाठी" असं सांगण्यात आलं. ते अर्धं खरं होतं. नम्रता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मशीनचं वेड होतं, आणि खेळ चालेल असं मशीन थोडक्या पैशांत आपण जुळवून दाखवू, ही तिची पैज होती. पैज स्वतःशीच होती, कारण कॉलेजातली मुलं म्हणाली होती, "तू फक्त कव्हरचा रंग निवड."

तिने काउंटरवर एकेक भाग मागवला. मी माळ्यावरून ऐकत होतो. "भाई, प्रोसेसर मधला द्या. ग्राफिक्स कार्ड मात्र हेच, चित्र त्याच्यावर चालतं. मेमरी आत्ता एकच, दुसरी पुढे बघू. स्पीकर नकोत. मॉनिटर मैत्रिणीचा जुना मिळतोय. आणि डबा सगळ्यात स्वस्तातला."

मित्रांनो, माझी निवड अशी झाली. पण त्याचं दुःख नाही.

"पॉवर सप्लाय?" मुनव्वरभाईंनी विचारलं.

"हा काळा, जड. तिथे काटकसर नाही."

मुनव्वरभाईंनी चष्मा वर केला. "ताई, लोक दिवे असलेला डबा मागतात आणि करंटचं विसरतात. तुम्ही बरोबर निवडलंत."

बाकीचे भाग माझ्या पोटात बसले आणि नम्रता रिक्षा आणायला गेली, तेव्हा तिचा चेहरा माझ्या दिव्यापेक्षा जास्त उजळला होता. आणि नेमक्या त्या वेळी रावसाहेबांना काचेच्या कपाटात ती दिसली. जॉयस्टिक. विमानाची दांडी. वर लाल बटण.

"केवढ्याला?"

मुनव्वरभाईंनी सांगितलं. रावसाहेबांनी खिसा चाचपला. मग त्यांची नजर काउंटरवरून फिरत त्या काळ्या डब्यावर थांबली.

"हा काय करतो?"

"सगळ्यांना करंट देतो."

"म्हणजे फिरत नाही, दिसत नाही, नुसता करंट देतो. यातला साधा नाही का?"

"आहे ना. पण काका, जोर लागला की साधा टिकणार नाही. ताई रागावतील."

"ताईंना मी सांगतो."

सांगितलं नाही. ती परत यायच्या आत साधा बसवला गेला, माझ्याच पोटात. वर मुनव्वरभाईंच्या पोऱ्याने माझ्या झाकणावर नेहमीची चिठ्ठी चिकटवली: 'सील तुटल्यास गॅरंटी नाही. विचारू नये.' घरी आल्यावर रावसाहेब म्हणाले, "दांडी भाईंनी फुकट दिली." मालनबाईंना पुण्यातल्या दुकानदाराने काही फुकट दिलं याचंच इतकं आश्चर्य वाटलं, की पुढचे प्रश्न राहून गेले.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. मालनबाईंनी माझ्यासाठी जुन्या साडीचं कव्हर शिवलं. पाहुण्यांना चप्पल काढायला लावून मग मला दाखवत. रावसाहेब दांडी धरून बसले की हाक मारली तरी ऐकू येत नसे. विमान धावपट्टीवरून उचलायचं, लोहगाव मागे पडायचं. मग ढग यायचे. ढग काढायला चित्राचं कार्ड जोर लावायचं, जोराला करंट लागायचा, आणि तो साधा डबा माझ्या पोटात धापा टाकून मान टाकायचा. खट्. सगळं काळं. माझा दिवासुद्धा विझायचा.

"व्होल्टेज," रावसाहेब म्हणायचे.

नम्रताने आधी वायरी तपासल्या. मग खेळ काढून पुन्हा भरला. मग तिच्या कॉलेजच्या प्रकल्पाचं जड काम चालू असतानाही मी बंद पडलो, आणि ती स्वतःला तपासू लागली. कार्ड चुकलं का? मदरबोर्ड कमी प्रतीचा घेतला का? सील होतं, उघडता येत नव्हतं. सगळा दोष तिने हिशेबात शोधला, म्हणजे स्वतःत.

रावसाहेबांना कारण कळलं होतं का? मित्रांनो, ज्या माणसाने हयातभर कारखान्यात "मोटर कमी ताकदीची लावू नका" म्हणून साहेबांशी भांडणं केली, त्याला न कळून कसं चालेल? काही दिवसांनी ते विमान ढगांच्या खालूनच उडवू लागले. सिंहगडावरून, खडकवासल्यावरून, झाडांना चाटून जाईल असं. मालनबाईंनी एकदा विचारलं, "अहो, इतक्या खालून काय एसटी चालवताय?"

"खालून दिसतं चांगलं," रावसाहेब म्हणाले, आणि शेजारच्या खोलीकडे पाहिलं. तिथे नम्रता होती. मी बंद पडल्याचा खट् तिच्या कानावर जाऊ नये, म्हणून तो बिचारा वैमानिक ढग चुकवत होता. मला सगळं ठाऊक होतं. गोष्ट माझ्याच पोटात होती. पण मला तोंड नाही, एक दिवा आहे, आणि तो नुसता निळा लागतो.

पावसाळ्याच्या शेवटी हिंजवडीतल्या एका कंपनीने नम्रताला मुलाखतीला बोलावलं. खेळ बनवणारी कंपनी, आणि काम तिला हवं तेच: वेगवेगळी मशीन जुळवायची, त्यांच्यावर खेळ चालतो का बघायचं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी जायचं होतं. घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता.

"मी जाणार नाही," नम्रता म्हणाली.

"का गं?" मालनबाई.

"काय सांगू तिथे? घरी एक जुळवलं आणि ते ढगात पडतं? मुलं बरोबर बोलत होती. मला यातलं कळत नाही. बँकेच्या परीक्षा देते."

रावसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. बराच वेळ उलटलं नाही.

खंडेनवमी आली. मालनबाईंनी विळी, शिवणयंत्र, रावसाहेबांचे पाने आणि हातोडी पाटावर मांडली. मला पाटावर जागा नव्हती, म्हणून शेजारी स्टुलावर ठेवलं. झेंडूचा हार घातला. मी प्रसन्न झालो होतो. एवढ्यात रावसाहेब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

"अहो, हे काय? बाहेरूनच कुंकू लावा ना. ती चिठ्ठी फाटेल."

"मशीन उघडून पुसल्याशिवाय पूजा करत नाहीत."

"हा काय तुमचा कारखाना आहे?"

"कारखान्यात कधी चुकवलं नाही, इथेही नाही," रावसाहेब म्हणाले. पण हात जागच्या जागी राहिला. बाहेरून हळदकुंकू लावून मोकळं होता आलं असतं, कोणी काही म्हटलं नसतं. गॅरंटीचं निमित्तही होतं. मला मनातून वाटत होतं, नका उघडू. हे सांगताना माझा पत्रा शरमेने तापतो, पण तसं वाटलं खरं. माझी पूजा चालली होती ना.

त्यांनी अंगठ्याच्या नखाने चिठ्ठी खरवडली. झाकण काढलं. मलमलच्या फडक्याने आतली धूळ पुसली, कोपरान् कोपरा, घाई न करता. मग म्हणाले, "नमा, इकडे ये. बघ."

नम्रता वाकली. आधी नुसतं पाहिलं. मग बोट लावलं.

"हा माझा नाही."

"नाही."

"माझा काळा होता. जाड वायरींचा."

"हा मी निवडला," रावसाहेब म्हणाले.

मालनबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी होती. "काय निवडलं? मला कोणी सांगेल का?"

नम्रताने टेबलावरच्या दांडीकडे पाहिलं. "बाबा, ती फुकट मिळाली होती ना?"

"फुकट नव्हती."

खाली कोणाच्या तरी स्कूटरला हार घालणं चाललं होतं, हॉर्न वाजला.

"अख्खा पावसाळा, बाबा," नम्रता म्हणाली. "अख्खा पावसाळा मी त्या मदरबोर्डला शिव्या घातल्या."

"आता मला घाल."

"आई ऐकतेय."

"घाल," मालनबाई म्हणाल्या. "मी आत जाते."

आणि खरंच गेल्या. नम्रताने शिव्या घातल्या नाहीत. ती खाली बसली, फडकं घेतलं, आणि पंख्याची पाती एकेक करून पुसू लागली. रावसाहेब बाजूला उभे राहिले, साहेब मशीन बघायला आल्यावर फिटर उभा राहतो तसे. ती म्हणाली, "बाकी सगळं बरोबर लागलंय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "म्हणजे बाकी सगळं बरोबर होतं."

"पहिल्यापासून होतं," रावसाहेब म्हणाले.

मग मला कुंकू लावण्यात आलं. आयुष्यात इतकं न शोभणारं कुंकू मी कधी लावून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा होता, तरी रावसाहेब दांडी भाईंना परत करायला पिशवीत घालून निघाले. नम्रता दारात आडवी आली. "ती राहू दे. तेवढे वॅट मात्र शिकून घ्या." सोमवारी ती हिंजवडीला गेली. तिथे काय विचारलं मला माहीत नाही, मी टेबलाखाली होतो. पण संध्याकाळी पेढे आले, आणि पहिल्या पगारात काळा, जड पॉवर सप्लाय आला. त्या रविवारी रावसाहेबांनी विमान ढगात घातलं. मी बंद पडलो नाही. आत सगळं पांढरं होतं. ते इतके गडबडले की त्यांच्या हातून दांडीच सुटली, आणि विमान पडलं ते त्यांच्यामुळे. नम्रता पोट धरून हसली.

पुढे लॅपटॉप आले. माझ्या आतले भाग एकेक करून काढले गेले. जाळी चांगली, हवा खेळती, म्हणून मालनबाईंनी मला गॅलरीत नेऊन माझ्यात कांदे भरले. मात्र दर खंडेनवमीला रावसाहेब सगळे कांदे बाहेर काढतात, मला आतून पुसतात, कुंकू लावतात, आणि कांदे परत भरतात. त्यांनी झाकण उघडलं, ते सुटले. मी कधीच काही उघडलं नाही, म्हणून ती रुखरुख अजून माझ्याकडेच आहे.

आता मित्रांनो, आपल्याकडच्या वस्तू उघडून पाहत जा, पुसत जा, त्यांच्या आत काय आहे ते एकमेकांना सांगत जा, असा काही उपदेश मी करणार होतो. पण मला तो शोभायचा नाही. कारण खंडेनवमी अजून लांब आहे आणि माझ्या पोटात पुन्हा एक गोष्ट आहे, जी बाहेर कोणालाच ठाऊक नाही.

डाव्या कोपऱ्यात तळाशी एक कांदा सडलाय. तेवढं मालनबाईंना सांगाल का?