दयाआत्याची पट्टी

“दे इकडं ती पट्टी! तुला खायची न्हाई ना? मग मी खातो.”

जोएलनं गोळ्यांची पट्टी ओढली. दयाआत्यानं दुसरं टोक सोडलं नाही. नववीत दप्तर फेकून घरी बसलेल्या या पोराला पुस्तकात कधी काही दिसलं नव्हतं. पण रविवारपासून या पट्टीतली एकही गोळी फुटलेली नाही, हे त्याला बरोबर दिसलं होतं.

“तुला रं कशाला पायजे?”

“जिममदी पोरं ह्याच चोरून खात्यात. माझा दोस्त फैयाज म्हनला, दंड असा फुगतो!”

“लिव्हरबी फुगंल. माझं दर म्हयन्याला तपासत्यात ते उगंच का? आन् तुझ्या वयात खाल्ली तर हाडं वाढायची थांबत्यात, डॉक्टर म्हनलेत. आधीच माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागतंय तुला.”

जोएलचे कान लाल झाले. उंचीचं कुणी काढलेलं त्याला खपायचं नाही.

“मग तुला बरी चालती?”

“माझ्या हाडात रक्त बनत न्हाई म्हनून दिलीय. तुझं तर नुसतं उकळतंय.”

“बनत न्हाई, तर बंद का केली मंग?” तो ओरडला. “फैयाजनं रक्त दिलंय तुला, इसरली? आत्ता कुठं जरा गालावर रंग आला हुता!”

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गोळीनं तिचा आवाज जाड झाला होता. चर्चच्या गायनात वरचा सूर लावायला गेली की भलताच कुणी बाप्या मधे गायल्यासारखं व्हायचं.

“सॅम्युएल मास्तरच म्हनले, सगळ्यांम्होरं,” ती पुटपुटली. “‘दयाबाई, ही पट्टी तुमाला सोसत न्हाई. बदला.’ आता दुसरी कुठनं आनू? म्हनून बंदच केली.”

 जोएल मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला.

“आत्या, मास्तर पेटी वाजवत्यात, दवाखाना न्हाई चालवत! गान्याची पट्टी म्हनले ते! काळी चार तुला उंच जाती, खालची घ्या म्हनले!”

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तीही हसली, चांगली घरभर. तो जाड आवाज ऐकून तीच दचकली. हात गळ्याकडे गेला.

“आवाज येईल का रं परत?”

“डॉक्टरला इचार की. लाव फोन. आन् राहिलेल्या एकदम खाऊ नको, ते म्हनतील तशा घे.”

तिनं फोन लावला. थोडं बोलली, बरंच ऐकलं, मान हलवली. मग एक गोळी फोडून पाण्याबरोबर घेतली. ती गिळेपर्यंत जोएलनं नजर हलवली नाही.

बाहेर फैयाजच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“गोळ्या आनल्या का रं?” त्यानं बाहेरूनच विचारलं.

“न्हाई! गाडी फिरव, चर्चकडं घे!” जोएलनं एका पायात चप्पल घातली, दुसरी हातातच घेतली. “आत्या, आज समद्यांला तुझ्या पट्टीत गायला लावतो. मास्तर पेटी उघडायच्या आत गाठले पायजेत. मी निघतो आता.”