सुपातला प्रबंध

मी एक जुने सूप आहे. मुंबईत मंजूर झालेल्या एका विद्वत्तापूर्ण प्रबंधाचा पाया माझ्यावर घातला गेला, हे मी अभिमानाने सांगते. पाया म्हणजे, मित्रांनो, त्या घरात टेबल नव्हते.

खानापूरच्या बुरुडाने मला विणले ते जोंधळे पाखडण्यासाठी. पण निपाणीच्या बाजारात नागुबाईने मला उचलले आणि तंबाखू हेच माझे धान्य झाले. विडीचे काम देणाऱ्या मुकादमाच्या खोलीत तिच्या मांडीवर बसून मी विडीची पाने आणि जर्दा सांभाळला. "ह्येचा काठ मांडीला टोचत न्हाय," असे ती गल्लीभर सांगे. एवढी स्तुती माणसांनाही मिळत नाही.

१९४६ साली तिच्याकडे बसवंत भाड्याने राहायला आला. शहापूरच्या विणकराचा हा मुलगा विडी वळणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर प्रबंध लिहीत होता. प्रत्येकीला प्रश्न विचारून त्याने एकेक चिठ्ठी भरली होती. आता दुखण्यांप्रमाणे वर्गवारी करून सोमवारी ती मुंबईच्या प्राध्यापकांपुढे ठेवायची. नाही जमले तर शिष्यवृत्ती बंद. सुटीच्या दिवशी त्याने मला मागून घेतले आणि माझ्यावर ढीग रचले. पाठ, डोळे, खोकला. सर्वांत उंच ढीग झाला 'तक्रार नाही'चा. निरोगी बायकांच्या आजारांवर प्रबंध लिहायचा कसा? बिचारा डोके धरून चहाला गेला.

तेवढ्यात नागुबाई शेजारच्या जयाबाईला घेऊन आली. "बघ गं, सगळं मोकळंच टाकून गेलाय. एक ढीग मोठा, एक बारका. मुकादम घील व्हय असलं?"

विडीच्या गल्लीत सुपातली वस्तू पंचविसाच्या जुडीत बांधल्याशिवाय सोडत नाहीत. दोघींनी उंच ढिगातल्या चिठ्ठ्या काढून बुटक्या ढिगांत भरल्या, दोरा गुंडाळला. जुड्या मोठ्या देखण्या झाल्या.

बसवंत परतला आणि दोरे सोडू लागला. "आक्का, हे काय करून ठेवलंत?"

"बिघडलं व्हय? तू वाच, आमी परत लावतो."

तो वाचू लागला. "जयाबाई. तक्रार नाही."

"कुणाला न्हाय?" नागुबाई उसळली. "हिच्या खोकल्यावर गल्ली उठतीया रं!"

"मुकादमाला कळलं तर पानं द्यायचा न्हाय, म्हणून न्हाय सांगितलं," जयाबाई म्हणाली. "आन् तू गं? पाठ धरून उठतीस, ते लिव्हलंस व्हय?"

"नाव कुठंच छापणार नाही, आक्का," बसवंत घाईने म्हणाला.

"मग लिव्ह माजी पाठ. हिचा खोकला आदी लिव्ह."

दारात बायका जमल्या. स्वतःचे दुखणे कुणीच सांगेना. शेजारणीचे मात्र प्रत्येकीला तोंडपाठ. दिवेलागणीला 'तक्रार नाही'च्या ढिगात एकच चिठ्ठी उरली. ती मुकादमाच्या बायकोची होती.

प्रबंध मंजूर झाला. प्रस्तावनेत 'स्थानिक साधनसामग्री'चे आभार आहेत. ती सामग्री मीच.

म्हणून मित्रांनो, घरातल्या सुपाला जपा. ओल लागू देऊ नका, शेणाने लिंपत जा. आपल्या घरी कधी कोणता विद्वान उतरेल, याचा नेम नसतो.

विडी वळायच्या खोलीला खिडकी हवी, अशी प्रबंधाची मुख्य शिफारस होती. मुकादमाने ती वाचून घेतली आणि भिंतीवर खडूने खिडकीची चौकट आखली. भिंत अजून फोडलेली नाही.