तळहातावरचं पाप

सोमवार होता आणि बसवकड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथं येतो कोण? देवणीकडच्या त्या डोंगरावर मोटार सोडाच, बैलगाडीसुद्धा चढत नाही. छातीवर येणारी पायवाट तेवढी. माथ्यावर महादेवाचं लहानसं देऊळ आणि उदगीरच्या व्यापाऱ्यांनी कधीकाळी बांधलेली दगडी धर्मशाळा. श्रावणात चार माणसं मुक्कामाला यायची, एवढीच तिची वर्दळ. पण लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. विहिरींनी तळ गाठला, आणि माणसं भर वैशाखात डोंगर चढू लागली. दुष्काळात पाणी सापडत नाही, बाबा मात्र हमखास सापडतो.

"जिल्हा तोडला!" देवळाच्या ओट्यावरून भस्मस्वामी गरजत होते. "कागदावर रेघ मारली आन् डोंगराची नाळ कापली! मग पाऊस रुसंल का न्हाई?"

"रुसंल, महाराज!" गर्दी ओरडली.

कुठल्या साहेबाच्या पेन्सिलीनं ढगांची वाट अडवली, हे कुणीच विचारलं नाही. तारामतीच्या ओठांवर ते आलं होतं, पण तिनं ते गिळून टाकलं. ती सरकारी दवाखान्याची नर्स, मूळची हदगावची. डोंगरापलीकडच्या तांड्यांवर लेकरांना लस टोचायला जाताना तिचा मुक्काम या धर्मशाळेत पडायचा. आताही ती औषधांची पिशवी सावरत नुकतीच चढून आली होती.

स्वामींनी तांब्याच्या घंगाळातून पळीभर पांढरं भस्म काढलं आणि उंच धरलं.

"हे कपाळाला लावायचं भस्म न्हाई! हे न्यायाचं भस्म हाय! मुठीत धरा. ऊब लागली तर शिवाची कृपा. चटका बसला तर पाप. आन् ज्याच्या पापानं पाऊस अडलाय, त्याचा हात पेटंल!"

रांग पुढं सरकू लागली. माणसं मूठ आवळत, डोळे मिटत, आणि थोड्या वेळानं एकेकाचा चेहरा फुलत जाई. "ऊब लागली! महाराज, ऊब लागली!" मग स्वामी म्हणत, "उधळ डोंगरावर!" आणि भस्म वाऱ्यावर जाई. शेषेराव नावाचा एक म्हातारा शेतकरी तर हात छातीशी धरून ढसाढसा रडला. ज्याची जनावरं चाऱ्यावाचून गेली, त्याला देवानं निदान आपल्याला पापी ठरवलं नाही, एवढंही पुरत होतं. तारामतीला त्याची दया आली, आणि स्वामींची चीड.

मग स्वामींची नजर धर्मशाळेच्या दाराकडं गेली.

"दानम्मा! ये माय. तू तर शिवाची सेवेकरी."

दानम्मा धर्मशाळेत स्वयंपाक करायची आणि खालच्या झऱ्यावरून पाणी भरायची. नवऱ्यानं टाकून दिलेली बाई. धर्मशाळा सांभाळणाऱ्या धोंडप्पांनी लेकीसारखी ठेवून घेतलेली. ती पदर खोचतच पुढं आली. स्वामींनी तिला आधी पळीभर तीर्थ दिलं. ती प्यायली, उरलेला ओला हात तिनं डोक्यावरून फिरवला. त्याच हातावर स्वामींनी भस्म घातलं, एक पळी नव्हे, चांगल्या तीन-चार. उपरणं आपल्या हाताभोवती गुंडाळून त्यांनी तिची मूठ बाहेरून आवळून धरली.

"सोडू नको, माय. शिवाचं नाव घे."

तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि किंकाळी फोडली. स्वामींनी मूठ सोडली नाही. सोडली तेव्हा तळहात लालभडक झाला होता आणि कातडी सुटत चालली होती.

बायका दोन पावलं मागं सरकल्या. सकाळी याच बायकांनी दानम्माच्या हातचं पाणी प्यायलं होतं.

"सापडली," स्वामी हळू आवाजात म्हणाले. "डोंगराचा कोप सापडला. उद्या सकाळी हिला कड्याखालच्या गुहेत बसवायची. तोंडाला दगड लावायचे. अन्न न्हाई, पाणी न्हाई. ढग आला की दगड काढू."

"आन् ढग न्हाई आला तर?" तारामतीनं विचारलं.

"तर पाप लई मोठं होतं म्हणायचं," स्वामी म्हणाले.

दुपार कलायच्या आत माणसं गुहेच्या तोंडाशी दगड वाहू लागली. शेषेरावही त्यांत होता. खाली उतरून, एसटी गाठून फौजदाराला आणायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवसाची दुपार व्हायची. आणि वैशाखातल्या त्या तापल्या गुहेत पाण्यावाचून माणूस किती टिकतं, हे नर्सला कुणी सांगायची गरज नव्हती.

धोंडप्पांनी दानम्माला स्वयंपाकघरात आणलं. दाराबाहेर दोन गडी राखणीला बसले. तारामतीनं बोळा ओला करून जखमेला लावला मात्र, दानम्मा कळवळून ओरडली.

"पाणी नगं, बाई! पाण्यानं आणखी पेटून राहिलंय!"

तारामतीचा हात जागच्या जागी थांबला. आगीनं भाजलेल्याला पाणी गार वाटतं. पाण्यानं पेटणारं भाजणं तिनं एकदाच पाहिलं होतं: हदगावला, घरं रंगवणाऱ्या एका गड्याच्या पायावर. तिनं बोळा फेकला, कोरडं फडकं घेतलं आणि बोटांच्या बेचक्यांत अडकलेली पांढरी पूड झटकून काढली. मग म्हणाली, "अप्पा, घागर द्या. अख्खी."

"बाई, प्यायला तेवढीच हाय..."

"द्या म्हणते ना!"

धोंडप्पांनी घागर उचलून दिली. तारामतीनं धार धरली ती घागर रिकामी होईपर्यंत. दानम्माचा श्वास हळूहळू खाली बसला.

"अप्पा, धर्मशाळेला चुना कधी लावता तुम्ही?"

"दिवाळीला. का वो?"

"कळीचा चुना कुठं ठेवता?"

"कोठीच्या खोलीत. एक पोतं..." धोंडप्पा बोलता बोलता थांबले. "कोठीच्या खोलीतच तर म्हाराजांचा मुक्काम हाय. दोन म्हैने झाले. किल्लीबी त्यांच्यापाशीच."

गळ्यातलं इष्टलिंग धोंडप्पांनी मुठीत धरलं होतं; रोजची पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा हा माणूस.

"मला तवाच कळायला पायजे होतं, नर्सबाई. आम्ही लिंगायत माणसं. आमचं भस्म कपाळाला लागतं, अंगाला लागतं. जे कपाळाला चालत न्हाई ते भस्म कसलं? आन् ते भुईवर उधळायचं? आमच्यात चिमूटभर सांडलं तरी वेचून घेतेत. बरं, आधी भस्म, मग पूजा, आन् तीर्थ शेवटी. ह्यो बाबा दानम्माला तीर्थ आधी देऊन राहिला. मला वाटलं, मोठ्या मठातली रीत असंल."

"बाकीच्यांना दिलं का तीर्थ?"

"न्हाई. कुणालाच न्हाई. दुष्काळ हाय म्हणाला."

आता तारामतीला सगळं लख्ख दिसलं. कोरड्या हातावर कळीच्या, न विझवलेल्या चुन्याची पूड. उन्हानं सुटलेल्या घामाची थोडी ओल लागली की नुसती ऊब. ती म्हणे कृपा! आणि जास्त वेळ राहून चटका बसायच्या आत 'उधळ डोंगरावर'. पण ज्याचा काटा काढायचा, त्याचा हात आधी तीर्थानं ओला करायचा.

"पण माझा काटा कशाला?" दानम्मा रडत म्हणाली. "मी काय केलं त्यांचं?"

"मागल्या आठवड्यात अंघोळीला पाणी मागितलं होतं त्यानं," धोंडप्पा म्हणाले. "तू सगळ्यांदेखत म्हणलीस, लेकरांना प्यायला न्हाई आन् म्हाराजांना न्हाणी पायजे. माणसं हसली होती त्याला."

एवढंच. एका घागरीसाठी नाही, त्या हसण्यासाठी एका बाईला दगडांआड कोंडायची होती. तारामतीला संताप आवरेना. तिला वाटलं, आत्ता बाहेर जावं आणि ओरडून सांगावं. पण धोंडप्पांनी हात जोडले. "नुसतं सांगून कुणी ऐकायचं न्हाई, बाई. डोळ्याला दिसलं पायजे. न्हाई तर तुम्हालाबी तिच्यासंगं आत घालतील."

ते खरं होतं.

सकाळी सगळा डोंगर कड्याखाली लोटला. गुहेचं तोंड काळं, आणि दोन्ही बाजूंना दगडांचे ढीग. दानम्माला मधोमध उभं केलं होतं. फडक्यात गुंडाळलेला हात तिनं पोटाशी धरला होता. ती कुणाकडं बघत नव्हती आणि तिच्याकडंही कुणी बघत नव्हतं. स्वामींच्या पुढ्यात भस्माचं घंगाळ होतं.

तारामती पुढं आली. तिच्या हातात स्वयंपाकघरातली परात होती. आवाज कापू नये म्हणून ती सावकाश बोलली.

"महाराज, मी पलीकडच्या तांड्यावर जाणार. तिथल्या लोकांनाबी न्यायाचं भस्म पायजे. माझ्या हातावर नको, परातीत घाला."

स्वामी प्रसन्न झाले. कीर्ती तांड्यापर्यंत पोचत होती, ती कोणाला नको असते? "घे, माय, घे," म्हणत त्यांनी पळ्यांवर पळ्या ओतल्या. परातीत पांढरा ढीग झाला.

तारामतीनं परात दगडावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. "अप्पा, तीर्थ."

धोंडप्पा तांब्या घेऊन पुढं झाले. स्वामींचे डोळे बारीक झाले. "अरे, काय करून राहिलास? थांब!"

"आधी तीर्थ, मग भस्म, अशी तुमची रीत," धोंडप्पा म्हणाले. "मी उलटी करून बघतो." आणि त्यांनी पाणी ओतलं.

काहीच झालं नाही. पांढरी पूड पाणी पीत निपचित पडली. गर्दीत कुजबुज झाली. स्वामी हसले. "बघितलं? देवाची परीक्षा घ्यायला निघाली! हिलाबी..."

परात फसफसली. आधी एक बुडबुडा, मग चार, मग अख्खा ढीग फुगून तडकू लागला, आणि वाफेचा लोट वर आला. पुढची माणसं ठेचकाळत मागं सरली. परातीच्या कडेला हात लावायला गेलेला एक गडी बोट तोंडात घालून ओरडला.

"आता सांगा," तारामती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरोखर चढला होता, "या परातीनं कुठलं पाप केलं? हिलाबी नवऱ्यानं टाकलंय? का हिनं पाऊस अडवला?"

तारामतीनं परातीकडं बोट केलं.

"हे भस्म न्हाई, कळीचा चुना हाय. धर्मशाळेच्या कोठीतला. पाणी लागलं की तापतो. पुण्यवानाच्या हातातबी तापतो आन् पाप्याच्याबी. तुमचे हात कोरडे होते. हिचा हात ह्या बाबानं आधी ओला केला. पटत न्हाई? महाराज निष्पाप हायत. घ्या महाराज, हात पुढं करा. अप्पा, तीर्थ द्या त्यांना."

धोंडप्पांनी तांब्या पुढं केला. तीर्थाला नाही म्हणणारा स्वामी कुणी पाहिलाय? सगळ्यांच्या नजरा त्या हाताकडं लागल्या. स्वामींनी हात उपरण्याखाली घेतला.

"आज माझं मौन हाय," ते म्हणाले.

मागून कोणी तरी खिक्कन हसलं. मग दुसरं. मौनात असलेले महाराज घंगाळ तिथंच टाकून पायवाटेकडं निघाले, मग पळू लागले, आणि चार तरणी पोरं त्यांच्या मागं धावली. खाली फौजदाराकडं नेईपर्यंत पोरांनी महाराजांना सोडलं नाही.

माणसं मोकळं हसू लागली. एकमेकांना सांगू लागली, मला तर पहिल्यापासून संशय होता. तारामतीला ते हसू सोसवेना.

"हसू नका!" ती ओरडली. "बाबानं नुसतं बोट दाखवलं. दगड कुणी आणले?"

शेषेरावानं मान खाली घातली. त्याच्या धोतराला अजून दगडांची माती होती. तो सावकाश दानम्मासमोर आला आणि त्यानं हात जोडले.

"काका," दानम्मा म्हणाली, "काल ऊब लागली म्हणून रडलाव तुम्ही. मला लई बरं वाटलं होतं तवा."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तारामतीनं पिशवी उघडली आणि दानम्माच्या हाताची पट्टी बदलायला घेतली. पट्टी बांधता बांधता ती बोलत राहिली. आता ओरडायची गरज नव्हती, सगळे जवळ येऊन ऐकत होते. "पाऊस कुणाच्या पापानं जात न्हाई आन् कुणाला कोंडल्यानं येत न्हाई. देव माना, भस्म लावा, मी कोण अडवणार? पण कुणाचा हात भाजला तर आधी एवढंच विचारा, कशानं भाजला. ज्यानं भाजलं ते बघा, परातीत घ्या, पाणी ओतून बघा. तेवढं विचारलं असतं तर काल या पोरीला रात्रभर आपल्या मरणाची वाट बघावी लागली नसती."

कुणीतरी धर्मशाळेतून रिकामी घागर आणली. दानम्मा सवयीनं उठायला गेली, तर शेषेरावानं घागर काढून घेतली, खांद्यावर ठेवली आणि झऱ्याची वाट धरली. त्याच्या मागं आणखी दोघं निघाले. बाकीची माणसं गुहेसमोर आली, आणि काल वाहून आणलेला एकेक दगड उचलून परत नेऊ लागली.