तीन स्टारचा श्वास

चार जणांना विचारून मग पाऊल टाकावं, असं ज्याने सांगितलं त्याने मोबाईलवरचे रिव्ह्यू नक्कीच वाचले नसणार. देवळाली प्रवरा गावच्या जालिंदरने ते वाचले आणि त्याच्या डोक्याचं पार भरीत झालं.

गरजच तशी होती. बायकोची, विमलबाईची, फुप्फुसं अधू झालेली. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. लाईट गेली की मशीन शिट्टी मारून बंद पडायचं, आणि जालिंदरला धावत जाऊन बाजूला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उघडावा लागायचा. म्हणून छतावर सोलर आणि लाईट गेल्यावरही घर चालवणारी बॅटरी बसवायची ठरली. निवड चुकली तर विमलबाईच्या जिवाशी गाठ होती.

दुकानं दोन. एक सख्ख्या भाच्याचं, अमृतचं, ‘सूर्यकिरण’. दुसरं परक्याचं, ‘प्रभात’. भाच्याला सगळ्यांनी पाच स्टार दिलेले. प्रभातखाली मात्र कल्याण नावाच्या एकाने ‘यांच्या नादी लागू नका’ असं लिहून एकच स्टार टेकवला होता. जालिंदरला हायसं वाटलं. मग नावं नीट वाचतो, तर भाच्याला स्टार देणारी निम्मी आपलीच भावकी! आता कुणाचं खरं मानायचं? शेवटी त्याने मोटारसायकल काढली.

भाच्याला पाच स्टार देणाऱ्या सूर्यभानने आधी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“लाईट गेली की अमृतची बॅटरी चालूच हुत न्हाई. सांगून सांगून थकलो.”

“मग पाच स्टार कसे दिले?”

“आमची पोरगी तुमच्याच भावकीत दिलीय, जालिंदरराव. मी तुमच्या भाच्याचं वाईट लिहिलं तर तिनं सासरी तोंड कसं दाखवायचं?”

तिथून तो कल्याणकडे गेला. आळीत लाईट नव्हती, पण कल्याणच्या ओसरीवर पंखा गरगर फिरत होता.

“हे प्रभातचंच व्हय?”

“व्हय. बसवल्यापून एकदा बी बंद न्हाई.”

“आरं, मग एकच स्टार?”

“त्या प्रभातवाल्यानं त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका नुसती मोबाईलवर टाकली!” कल्याण उसळला. “दारात येऊन हातात अक्षता द्यायला पाय मोडले हुते का त्याचे?”

जालिंदर परत निघाला तेव्हा आपण सोलर घ्यायला निघालोय की सोयरिक जुळवायला, हेच त्याला कळेना. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? पंखा तर त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने प्रभातचंच बसवलं. कल्याणचा किस्सा त्याने विमलबाईला सांगितला, तेव्हा दोघंही पोट धरून हसली.

पुढं एका दुपारी लाईट गेली. जालिंदर सवयीने सिलिंडरकडे धावला, पण मशीन घरघरत होतं आणि विमलबाई शांत झोपली होती. तो तिथंच खाली बसला आणि त्याला रडू आलं.

आठवड्याने प्रभातच्या महेंद्रचा फोन आला, “काका, तेवढा रिव्ह्यू टाका.” आणि पुन्हा घोळ सुरू झाला. भाच्याला डावललं म्हणून बहीण बनुबाई आधीच अबोला धरून बसलेली. पाच स्टार दिले तर ती कायमची तुटणार, आणि कमी द्यावेत तर तेही पाप. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने बरंच घुटमळून तीन स्टार दाबले, खाली ‘ठीक आहे’ लिहिलं आणि मोठं शहाणपण केलं असं समजून चहा प्यायला.

मग एक दिवस केडगावची वृषाली पत्ता शोधत दारात आली. तिच्या वडिलांनाही विमलबाईसारखंच ऑक्सिजनचं मशीन लागलं होतं.

“काका, तुमचा रिव्ह्यू वाचून आलेय. लाईट गेल्यावर चालतं का हो ते?”

“चालतं की. एकदा बी दगा दिला न्हाई.”

“मग तीनच स्टार का?”

जालिंदरने इकडंतिकडं पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, “त्याचं असं हाय, आमची बहीण...”  त्याला सूर्यभानचा तो खाली आणलेला आवाज आठवला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून विमलबाई नळी सावरत म्हणाली, “अहो, तुमी कल्याणभावजींना हसत हुता ना? मग माझा श्वास तीनच स्टारचा हाय व्हय?”

बहिणीची समजूत कशी काढायची, ते जालिंदरला अजूनही सुचत नव्हतं. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि वृषालीपुढे धरला.

“पोरी, हे लिहिलेलं बदलायचं कुठनं, तेवढं दाव.”