बोगद्याच्या अलीकडे

कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्या क्रेशोने कागद हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. कागदावर होतं : बाटल्या, एकवीस टन. ट्रेलरला सील लावलेलं होतं.

लिकाच्या चढावर मला पहिल्यांदा शंका आली. एकवीस टन घेऊन त्या चढाला दोन गिअर खाली यावं लागतं. ट्रक मात्र मजेत चढत होता. ॲक्सलवरचा भार दाखवणारा काटा तळाशी पडलेला. मी क्रेशोला फोन केला.

"तो काटा महिन्याभरापासून बिघडलाय," तो म्हणाला. "तू चालव. पूल चालू आहे."

"वाऱ्यामुळे आज जड गाड्यांनाच ना?"

"मग? तुझी जडच आहे."

उत्तर जरा जास्तच तयार वाटलं. वेलेबित डोंगरातल्या बोगद्यात वारा नसतो. पलीकडे तोंड बाहेर काढलं की 'बुरा' नावाचा इथला वादळी वारा डोंगरावरून थेट गाडीच्या कुशीवर आदळतो, आणि पुढे पूल. मोकळी गाडी असली की तो तिला आडवी करतो. बोगद्याअलीकडच्या थांब्यावर मी गाडी बाजूला घेतली.

तिथे दुसऱ्या कंपनीचे ड्रायव्हर युरेकाका कॉफी पीत होते. तीस वर्षं हाच रस्ता. त्यांना कागद दाखवला. ते ट्रेलरपाशी गेले नि वाकले.

"टायर बघ. भरलेल्या गाडीचा टायर खाली फुगतो. हे तर गोल गरगरीत आहेत."

"सील तोडलं तर नोकरी जाईल, काका."

"जाईल. तुझं तू बघ."

मी कटर काढला. दार उघडलं. छतापर्यंत बाटल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. पाणी भरायला कारखान्यात चाललेल्या.

मी पुन्हा फोन लावला. "क्रेशो, दार उघडलंय."

"सील तोडायला तुला कोणी सांगितलं?"

आत काय निघालं, हे त्याने विचारलंच नाही. तेवढ्यावरून मला कळलं : हलकी गाडी पुलावर सोडत नाहीत, म्हणून कागदावर खोटं वजन लिहिलंय, हे त्याला आधीच माहीत होतं.

"मी इथेच थांबतेय," म्हटलं आणि फोन ठेवला.

वाहतूक पोलिसांना कागद आणि उघड्या ट्रेलरचे फोटो दिले. दोन दिवस तिथेच पाव-चीज खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी वारा पडल्यावर पूल ओलांडला, माल उतरवला आणि आमच्या कंपनीच्या मालकाच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या. त्यानेही काही विचारलं नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

आता युरेकाकांच्या कंपनीत आहे. पण आधीच्या चार वर्षांत अशा किती हलक्या गाड्या मी त्या पुलावरून नेल्या, ते मला अजून माहीत नाही.