अकरावा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. काठाला टवका उडालेला, पोटावर केसाएवढा तडा. वर्षातले एक्कावन्न आठवडे मी लाकडी पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून झोपते. वल्हांडणाचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या सुटकेचा, सण आला की आठ दिवस जागी होते. म्हणजे वय शंभराच्या वर, पण जगले किती, तर जेमतेम दोन वर्षं!

पेटीतल्या चमच्यांना मी सांगत असे की मी थेट मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारो राजाच्या राजवाड्यातली. ज्यूंना गुलाम केलं म्हणून देवाने मिसरावर दहा पीडा आणल्या तेव्हा पहिला बेडूक माझ्यावरच बसला, आणि फारो माझ्याकडे बघून म्हणाला, "बशी चांगली आहे, बेडूक नको." चमचे भोळे, त्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मी समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात भाजले गेले आणि गवत भरलेल्या पिंपात बसून कॅनडातल्या विनिपेगला आले. गोल्डामावशींच्या घरी पाऊल टाकलं आणि त्याच दिवशी त्यांच्या हातून निसटले. टवका उडाला. मग काय, फडताळाचा मागचा कोपरा!

एकोणीसशे अठराच्या हिवाळ्यात तापाची साथ आली. शाळा बंद, नाटकघरं बंद. माणसं नाकाला फडकी बांधून हिंडत. कोणी शिंकलं की तीन गल्ल्यांतल्या खिडक्या धाडधाड लागत. तेव्हा सिनेगॉगमधल्या, आमच्या प्रार्थनाघरातल्या, म्हाताऱ्यांना मागे सोडून आलेल्या जुन्या देशातला उपाय आठवला. तिकडे पटकी आली की दोन अनाथ जिवांचं लग्न दफनभूमीत लावत. मेलेली माणसं लग्नाने खूश होतात आणि वर देवापाशी आपल्यासाठी रदबदली करतात, असं ते म्हणत.

नवरा ठरला हर्शल ताबाक. दुधाची गाडी हाकायचा, एक पाय आखूड. नवरी ठरली फ्रेडा लिपेट्स. टोप्यांच्या कारखान्यात शिवायची, वय बावीस. तिला विचारायला गोल्डामावशी गेल्या.

"पोरी, सगळ्या वस्तीचा जीव तुझ्या हातात आहे बघ."

"मग तुमच्या माल्काचं लावा की, मावशी. तीही लग्नाचीच आहे."

"अगं, तिला आई आहे!"

"तेच म्हणते मी. आई नसली की पोर सगळ्या वस्तीची होते."

पण फ्रेडाच्या खोलीखाली घरमालकिणीचं बाळ तापाने फणफणत होतं. त्याचं रडणं जिन्यावरून वर येई. ती हो म्हणाली.

लग्नाला मी हजर होते, कारण मी आहेर होते! कोणी रजई दिली, कोणी पातेलं. गोल्डामावशींनी मला फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "अनाथ पोरीला एवढं पुष्कळ." थडग्यांमध्ये गुडघाभर बर्फ, वर चांदवा, चार बाजूंना चार माणसं काठ्या धरून कुडकुडत. थंडी एवढी, की वाजंत्र्याचे सूर वाद्यातच गोठले. ते एप्रिलात, बर्फ वितळल्यावर, आपोआप बाहेर पडले. विश्वास नसेल तर चमच्यांना विचारा.

चांदव्याखाली फ्रेडा हळूच म्हणाली, "ऐका, वल्हांडणापर्यंतच. सण झाला की मी मिनियापोलिसला जाणार, मावसबहिणीकडे."

"बरं," हर्शल म्हणाला. "तोवर दूध तरी प्या. किती वाळलात!"

साथ ओसरली, पण लगेच नाही. रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, गर्दी बंद केली म्हणून. घरमालकिणीचं बाळ वाचलं. गोल्डामावशींची माल्का मात्र लग्नानंतर नवव्या दिवशी गेली. त्यानंतर मावशींनी कशाचंच श्रेय घेतलं नाही.

फ्रेडा पलंगावर झोपे, हर्शल स्वयंपाकघरातल्या बाकावर. भरलेली बॅग दाराशी खुंटीवर. रोज सकाळी स्टोव्हजवळ दुधाचा पेला झाकून ठेवलेला असे. ती आधी अर्धा पीत असे, मग पुरा पिऊ लागली. पुढे एकदा त्याला ताप आला, तेव्हा तीन दिवस ती त्या बाकाजवळून हलली नाही. तो बरा झाल्यावर मात्र त्याच्यावर खेकसली, "गाडीवर मफलर घालायला काय होतं हो तुम्हाला?" मी सगळं फळीवरून पाहत होते. बशीला दुसरं काम काय?

वल्हांडण आलं. मोशेने आम्हाला मिसरातून सोडवल्याची गोष्ट वाचायची, आणि एकेका पीडेचं नाव घेत बोटाने पेल्यातला द्राक्षारस थेंब थेंब बाहेर काढायचा. आपण सुटलो खरे, पण तिकडे माणसं मेली. म्हणून आपला पेला थोडा कमी. हे थेंब आमच्यातले काही जण फुटक्या भांड्यातच टाकतात. हर्शल त्यांच्यातला. त्याने घरभर फुटकं भांडं शोधलं, आणि मित्रांनो, माझं नशीब उघडलं!

टेबलाशी तिघं होती. फ्रेडाने गोल्डामावशींना बोलावून आणलं होतं. मला पाहून मावशींनी मान खाली घातली.

रक्त, बेडूक, उवा... दहा थेंब पडले. फ्रेडाचं बोट पुन्हा पेल्यात गेलं.

"अगं, दहाच!" हर्शल म्हणाला. "अकरावी पीडा मोशेलाही माहीत नव्हती."

"ही या वर्षाची," फ्रेडा म्हणाली. "माल्कासाठी. इतकी माणसं गेली आणि मला त्यातून घर मिळालं. मी माझा पेला काठोकाठ कसा ठेवू?"

हर्शल तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे... भरलाय?"

गोल्डामावशी रडत होत्या. रडता रडताच ओरडल्या, "अरे ठोंब्या, ती बॅग बघ! रिकामी लोंबतेय खुंटीवर!"

"ती होय?" हर्शल म्हणाला. "सणात घरात पावाचा कणही चालत नाही ना, म्हणून सफाईत रिकामी केली होती."

"कण गेले, मग कपडे परत भरायला हिचे हात मोडले होते का?"

फ्रेडा लाल झाली. "आधी गोष्ट पुरी करा," ती म्हणाली, "मासे गार होतायत."

त्या रात्रीपासून स्वयंपाकघरातला बाक माणसाविना राहिला.

पुढे त्या घरात दर वर्षी अकरा थेंब पडले. मुलांचे पाय लुळे पाडणारा आजार आला, त्याही वर्षी पडले. मग हर्शल गेला, फ्रेडा गेली, आणि मला कोणीतरी तळघरात कुंडीखाली ठेवलं. चिखलात मी वीस वर्षं काढली. नव्या साथीच्या वसंतात त्यांच्या नातीने, शोशानाने, मला शोधून काढलं आणि तीन पाण्यांनी धुतलं. ती घरात एकटी होती. बाकीचं कुटुंब पडद्यावर, छोट्या छोट्या चौकटींत, एकमेकांवर ओरडत होतं. "आवाज बंद आहे तुझा, मामा!" तरी थेंब सगळ्यांनी टाकले, जो तो आपापल्या घरी, आपापल्या फुटक्या भांड्यात.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. टवका उडाला म्हणून कुणाला कुंडीखाली ढकलू नका. तुमचा पेला भरला असेल तेव्हा ज्यांचा सांडला त्यांच्यासाठी एक थेंब बाजूला काढा. आणि थेंब काढून झाला की बोट चाटू नका बरं! लहान मुलं हमखास चाटतात. ते रुमालाला पुसायचं. दुसऱ्याच्या दुःखाची चव घ्यायची नसते.