माझ्या पाठीवरचा पत्ता

मित्रांनो, आधी माझ्या पाठीवरून हात फिरवून बघा. खडबडीत लागली ना? वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरल्या शिरल्या समोर दिसतो, तो जुना लाकडी काउंटर मी. सुताराने मला मऊ, स्वस्त लाकडाचा केला. मालक कितीदा म्हणाले, "याच्यावर काच टाकू या." पण माझ्यामागे बसणाऱ्या ताई ऐकतील तर शपथ. "काचेवर कागद घसरतो, आणि माणूस आधीच चिडलेला असतो," त्या म्हणायच्या.

आमच्याकडे चिडलेलीच माणसं जास्त यायची. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाच्या वारलेल्या काकांच्या जागी धडधाकट काकांचा फोटो छापलेला. ताईंचा नियम एकच होता. तक्रार स्वतःच्या हाताने लिहायची आणि खाली पूर्ण पत्ता द्यायचा. लिहिता लिहिताच निम्म्या लोकांचा राग उतरायचा. भार सगळा माझ्यावर पडायचा, पण मला त्याचा अभिमान होता.

एके सकाळी एक माणूस आला आणि त्याने पिस्तूल काढलं. आमचे छायाचित्रकार दादा ताईंच्या पुढे झाले आणि जागीच गेले. ताईंच्या उजव्या खांद्यात गोळी शिरली. एक माझ्या कडेत रुतली. दुपारी त्याच माणसाने पलीकडच्या रस्त्यावर रेडिओच्या कचेरीत गोळ्या झाडल्या आणि तो पसार झाला. दादांसाठी मला रडता आलं नाही, लाकडाला ती सोय नाही. मला राग आला आणि तो अजून आहे.

पोलिसांनी शहर पिंजून काढलं. रस्तोरस्ती नाकाबंदी झाली, कुत्री फिरली, पण दोन दिवस मागमूस लागला नाही. इतर कचेऱ्यांनी दारं लावून घेतली. तिसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात शुद्धीवर आल्या.

"तो महिन्यापूर्वी आला होता," त्या पोलीसबाईंना म्हणाल्या. "तक्रार लिहिली, पत्ताही लिहिला. मग कागद चुरगळून खिशात घातला नि गेला. नाव काही आठवत नाही. पण फार दाबून लिहीत होता हो."

पोलीसबाई तडक माझ्याकडे आल्या. खिडक्या लावून त्यांनी बॅटरी माझ्या पाठीलगत आडवी धरली. कागदाखाली उमटलेल्या जुन्या अक्षरांच्या गर्दीत चार ओळी ताज्या आणि खोल होत्या. शेवटच्या ओळीत घराचा क्रमांक होता, गल्ली होती. तासाभरात तो त्याच घराच्या माळ्यावर सापडला. त्याने माझ्यावर गोळी झाडली होती, आणि पत्ता मीच दिला.

ताई कचेरीत परतल्या, तोवर मालकांनी धसका घेतला होता. "आता दार बंद. पुढे जाड काच, आत फक्त ओळखीची माणसं. ताई, तुमच्या जिवासाठीच म्हणतोय."

"भीती मलाही वाटते," गळ्यात हात अडकवलेल्या ताई म्हणाल्या. "पण काचेआडून माझं तोंड बघून कुणाचा राग उतरणार? दार लावायचं तर मला घरी पाठवा."

मालकांनी हात टेकले. दार उघडलं, आणि पहिली आत आली एक म्हातारी.

"मी त्याची आई," ती म्हणाली. "मी त्याला लपवला असं छापलंत तुम्ही. तो माळ्यावर आहे हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा मीच शिडी लावून दिली पोलिसांना."

ताईंनी कागद पुढे सरकवला. "लिहा. पोलिसांना विचारते. खरं असेल तर उद्या छापून येईल."

ते खरं होतं, आणि पहिल्या पानावर छापून आलं.

मित्रांनो, आम्ही चुकलो तर या. भांडा, टेबलं आपटा, मी सोसेन. पण पिस्तुलाला घाबरून कुणी दार लावायला निघालं, तर त्याला दार पुन्हा उघडलं त्या सकाळची गोष्ट सांगा. म्हातारी लिहायला लागली, पण कागद हलत होता. ताईंचा उजवा हात उचलत नव्हता, म्हणून ती लिहून होईपर्यंत त्यांनी डाव्या हाताने तिचा कागद धरून ठेवला.